पडद्यावरचा सह्याद्री आणि नोंदीत नसलेली तार

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

छोट्या विमानांच्या कॉकपिटमध्ये बसू लागलेल्या ‘सिंथेटिक व्हिजन’ पडद्यांविषयी आपल्याकडे अधूनमधून लिहिले जाते आणि बहुतेक वेळा ‘ढगांच्या आरपार पाहणारे तंत्रज्ञान’ असे त्यांचे कौतुक होते. छोट्या विमानांतील इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या देखभालीचे काम मी निवृत्त होईपर्यंत केले असल्यामुळे हे वर्णन वाचून अस्वस्थ व्हायला होते. हा पडदा ढगांच्या आरपार पाहत नाही. खरे तर तो काहीच पाहत नाही. समोर काय असायला हवे, हे तो आधी साठवलेल्या माहितीवरून काढून दाखवतो. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी महाराष्ट्रात या पडद्यांचा खरा उपयोग व्हायचा असेल, तर शासनाने आणि विमान वाहतूक खात्याने काय करायला हवे, याचे उत्तर त्या फरकातच आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

या पडद्यामागे जमिनीच्या उंचसखलपणाची, धावपट्ट्यांची आणि मनोऱ्यांसारख्या अडथळ्यांची साठवलेली माहिती असते. विमानाचे स्थान आणि उंची उपग्रहांच्या संकेतांवरून मिळते, विमान किती कलले आहे आणि त्याचे नाक कोणत्या दिशेला आहे हे त्यातील संवेदक सांगतात, आणि या साऱ्याची सांगड घालून संगणक सतत नवे चित्र काढत राहतो. वैमानिकाला समोरच्या पडद्यावर डोंगर, दऱ्या, जलाशय आणि क्रमांकासह धावपट्टी दिसते. बाहेर मिट्ट अंधार असो वा काचेला ढग चिकटलेला असो, चित्र तेवढेच स्वच्छ राहते. मोठ्या आणि महागड्या विमानांत इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर चालणारी एक वेगळी यंत्रणा असते आणि ती समोरचे दृश्य खरोखर टिपते. या दोहोंची गल्लत होते, म्हणून येथेच स्पष्ट केलेले बरे.

हे चित्र केवळ शोभेचे नाही. चित्रावर आडवी गेलेली पांढरी क्षितिजरेषा विमानाच्या पातळीची असते. ज्या डोंगराचा माथा त्या रेषेच्या वर चढलेला दिसतो, तो आपल्यापेक्षा उंच आहे, हे वैमानिकाला कोणतीही आकडेमोड न करता कळते. गार्मिन या उत्पादक कंपनीच्या पडद्यांवर विमानाच्या पातळीखाली १००० फुटांच्या आत आलेली जमीन पिवळी होते आणि १०० फुटांच्या आत आलेली किंवा विमानाहून उंच असलेली जमीन लाल होते. त्याहून मोलाचे आहे ते एक छोटे हिरवे वर्तुळ. विमानाचे नाक कोठे आहे याला महत्त्व न देता, विमान प्रत्यक्षात कोठे चालले आहे, ते हे वर्तुळ दाखवते. आडव्या वाऱ्यात नाक एकीकडे आणि वाटचाल दुसरीकडे असते. भरलेल्या विमानाचे नाक वर असूनही त्याला पुरेशी चढाई मिळत नसते. अशा वेळी हिरवे वर्तुळ समोरच्या कड्याच्या अंगावरच बसून राहिले, तर विमान खिंडीतून पार होणार नाही, हे वैमानिकाला वळायला जागा शिल्लक असतानाच समजते. जुन्या उपकरणांत हीच गोष्ट उंची, वेग, चढाईचा दर आणि नकाशा या चार ठिकाणांहून गोळा करून मनात जुळवावी लागत असे, आणि घाबरलेल्या माणसाला नेमके तेच जमत नाही.

क्षितिज हरवणे म्हणजे काय, हे विमानात न बसलेल्या वाचकाला सहज पटत नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. केवळ उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. विसांपैकी एकालाही विमान सांभाळता आले नाही, आणि ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. कानातील तोल सांभाळणारी इंद्रिये अशा वेळी चुकीचा कौल देतात, आणि विमान वळत, घसरत खाली जात असताना माणसाला ते सरळ चालले आहे असेच वाटते. जुन्या कॉकपिटमध्ये या अवस्थेत आधार असे तो तीन इंची तबकडीतल्या कृत्रिम क्षितिजाचा. ते वाचायला सराव लागतो. दहा इंची पडद्याच्या पूर्ण रुंदीवर पसरलेले क्षितिज आणि त्याखालचे ओळखीचे डोंगर यांना मेंदू फार लवकर प्रतिसाद देतो. या कारणासाठी मी या तंत्रज्ञानाचा पुरस्कर्ता आहे आणि पुढे ज्या मर्यादा लिहिणार आहे, त्या त्याच्या विरोधात वाचल्या जाऊ नयेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या विषयावर पद्धतशीर काम सुरू केले आणि २००१ मध्ये कोलोरॅडोतील डोंगरांनी वेढलेल्या ईगल-व्हेल विमानतळावर बोइंग ७५७ विमानातून त्याच्या चाचण्या घेतल्या. अलास्कात, जिथे रस्ते नसल्यामुळे छोटे विमान हेच गावोगावचे वाहन आहे, तेथे ‘कॅपस्टोन’ नावाचा सरकारी कार्यक्रम राबवला गेला. उपग्रहाधारित स्थान, भूभागाचा नकाशा आणि आसपासच्या विमानांची माहिती देणारी उपकरणे छोट्या विमानांत बसवल्यावर २००० ते २००४ या काळात त्या विमानांच्या अपघातांचा दर ४७ टक्क्यांनी घटला, असे तेथे आढळले. त्याच कार्यक्रमाच्या पुढच्या टप्प्यात आग्नेय अलास्कातील विमानांत सिंथेटिक व्हिजनही आले. २००८ पासून गार्मिनच्या जी-१००० पडद्यांवर ही सोय मिळू लागली आणि एका इंजिनाच्या चार आसनी विमानाच्या मालकालाही ती आवाक्यात आली.

आता महाराष्ट्राकडे वळतो. गोंदियाच्या राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी डिजिटल पडद्यांच्या डायमंड विमानांवर शिकतात, आणि अमरावतीजवळच्या बेलोरा येथील प्रशिक्षण संस्थेसाठी एअर इंडियाने ३४ विमाने मागवल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. म्हणजे यापुढे वैमानिकांची जी पिढी राज्यात घडणार आहे, ती गोल तबकड्यांवर नव्हे, पडद्यांवर शिकलेली असणार आहे. शिवाय निवडणुकांच्या काळात, देवदर्शनासाठी, उद्योगांच्या कामासाठी आणि रुग्णांची ने-आण करण्यासाठी छोटी विमाने व हेलिकॉप्टर यांची ये-जा जिल्ह्याजिल्ह्यांत वाढली आहे. यांतील कितीतरी उड्डाणे जेथे उतरतात, तेथे उपकरणांच्या मदतीने उतरण्याची सोय नसते. वैमानिकाने डोळ्यांनी धावपट्टी किंवा हेलिपॅड शोधायचे आणि उतरायचे, हीच रीत असते. आणि त्याच्या वाटेत सह्याद्री असतो. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई सर्वांना माहीत असते, परंतु वैमानिकाला अडचणीत आणतात ते पावसाळ्यात चार-चार महिने ढगांत बुडालेले, नाव कमी माहीत असलेले डोंगर आणि माथे.

या डोंगरांनी मोठ्या विमानालाही सोडलेले नाही. ७ जुलै १९६२ रोजी सिडनीहून निघून डार्विन आणि बँकॉकमार्गे मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ हे जेट विमान जुन्नर परिसरातील डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ माणसे मृत्युमुखी पडली. विमान धडधाकट होते. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशा समजुतीने वैमानिकाने वेळेआधी उतरायला सुरुवात केली होती. किमान सुरक्षित उंची पाळली न जाणे आणि वाटेतला भूभाग अपरिचित असणे, या बाबीही चौकशीत नोंदल्या गेल्या. जुलै महिना, रात्र आणि खाली घाटमाथा. ‘मी कोठे आहे आणि माझ्याखाली काय आहे’ या दोन प्रश्नांची उत्तरे त्या कॉकपिटमध्ये त्या क्षणी नव्हती, आणि सिंथेटिक व्हिजन नेमकी हीच दोन उत्तरे देते.

मात्र सगळेच अपघात या जातीचे नसतात. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे तत्कालीन मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे बेल ४३० हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात कोसळले, त्यामागे वादळी ढग आणि त्यातील खाली दाबणारा वारा हे कारण चौकशीत पुढे आले. सिंथेटिक व्हिजनच्या पडद्यावर ढग दिसत नाहीत. तेथे आकाश नेहमी निळे असते. बाहेर मुसळधार पाऊस आणि गडगडणारा ढग असतानाही वैमानिकासमोरचे चित्र निरभ्र दुपारचे असते, आणि ‘दिसते आहे ना, मग जाऊ या’ ही भावना त्या निळ्या रंगातून फार सहज निर्माण होते. म्हणून उत्पादकांनीच विमानाच्या पुस्तिकेत बंधन घातलेले असते, की मूळ उपकरणांकडे न पाहता केवळ या चित्रावर विमान चालवू नये आणि केवळ त्याच्या भरवशावर मार्गक्रमण करू नये किंवा डोंगर व अडथळे चुकवू नयेत. ही ओळ पुस्तिकेत छापलेली असते. ती वैमानिकाच्या सवयीत उतरली आहे का, हे कोणी तपासत नाही.

अमेरिकेचा अनुभव याबाबतीत डोळे उघडणारा आहे. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००२ ते २००६ या काळात बनलेल्या ८००० हून अधिक छोट्या विमानांचा अभ्यास करून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. डिजिटल पडद्यांच्या विमानांचे एकूण अपघात किंचित कमी होते, पण प्राणघातक अपघातांचा दर दर लाख उड्डाण-तासांमागे १.०३, तर जुन्या तबकड्यांच्या विमानांचा ०.४३ होता. ही विमाने बहुतांशी सिंथेटिक व्हिजन येण्यापूर्वीची होती आणि ती अधिक लांबच्या व खराब हवामानातल्या प्रवासासाठी वापरली जात होती, हे ध्यानात घेऊनही त्या मंडळाने काढलेला निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो: उपकरण बदलले की शिक्षण आणि परीक्षा दोन्ही त्या उपकरणानुसार बदलायला हवे, नुसते उपकरण बसवून सुरक्षितता वाढत नाही.

आता या पत्राच्या मुख्य मुद्द्यावर येतो, तो म्हणजे साठवलेल्या माहितीचा खरेपणा. सह्याद्रीचे जे डोंगर पडद्यावर दिसतात, ते मोजले कोणी? फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अवकाशयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत, ६० मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून, रडारने जगाच्या सुमारे ८० टक्के जमिनीची उंची मोजली. जगभरच्या भूभाग-माहितीचा मोठा आधार आजही हीच मोहीम आहे. त्यातील बारीक, म्हणजे सुमारे ३० मीटर अंतरावर एक उंची देणारी माहिती अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी बरीच वर्षे खुली नव्हती; ९० मीटर अंतराचीच उपलब्ध होती आणि २०१४ नंतर बारीक माहिती मिळू लागली. तीव्र उताराच्या डोंगरांत रडारच्या सावलीमुळे, म्हणजे डोंगराआड त्याच्या लहरी न पोहोचल्यामुळे, माहितीत पोकळ्याही राहिल्या होत्या.

दर ९० मीटरला एक उंची असेल, तर सह्याद्रीचे काय होते? पठार, घाटमाथा, मोठी शिखरे व्यवस्थित उमटतात. पण आपले डोंगर बसाल्टचे आहेत, त्यांचे कडे तुटलेले आहेत आणि सुळके अरुंद आहेत. तैलबैलाच्या दोन भिंती किंवा माहुलीजवळचा वजीर सुळका यांच्यासारखी रुंदीला बारीक आणि उंचीला मोठी रूपे अशा जाळीच्या दोन बिंदूंच्या मधून निसटू शकतात, आणि कोकणकड्यासारखा सरळ तुटलेला कडा पडद्यावर मऊ उतारासारखा दिसू शकतो. पुरेसे अंतर राखून उडणाऱ्या विमानाला याने फरक पडत नाही. दरीत शिरलेल्या हेलिकॉप्टरला पडतो. कोणत्या उपकरणात किती बारीक माहिती भरली आहे, हे वैमानिकाने विचारले पाहिजे आणि विक्रेत्याने ते लेखी दिले पाहिजे. विशेष म्हणजे भारत याबाबतीत कोणावर अवलंबून नाही. २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आपल्या देशाचा उंचीचा नकाशा तयार झाला आहे आणि तो इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने नकाशाविषयक माहितीवरची बरीच जुनी बंधनेही उठवली. माहिती आहे, ती वैमानिकाच्या पडद्यापर्यंत तपासून, प्रमाणित होऊन पोहोचण्याची वाट मात्र नीट बांधलेली नाही.

डोंगर निदान जागचे हलत नाहीत. माणसाने उभारलेले अडथळे दरवर्षी बदलतात, आणि माझी खरी काळजी तेथे आहे. सातारा जिल्ह्यात वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर या पठारांवर, धुळ्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात आणि सांगलीच्या पूर्व भागात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या आहेत. जुन्या काढून त्याच जागी अधिक उंच पवनचक्क्या उभारण्याचे धोरण आता पुढे येत आहे. मोबाइलचे मनोरे तर प्रत्येक टेकडीवर आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार प्रत्येक देशाने संपूर्ण भूभागासाठी जमिनीपासून १०० मीटर किंवा त्याहून उंच अडथळ्यांची डिजिटल नोंद द्यायची असते आणि विमानतळांच्या परिसरासाठी त्याहून बारीक. आपल्याकडे विमानतळांभोवतीच्या बांधकामांना उंचीची ना-हरकत घ्यावी लागते आणि त्यासाठी २०१५ चे नियम आहेत. त्यामुळे विमानतळाजवळचे चित्र तुलनेने बरे असते. विमानतळांपासून दूर, घाटमाथ्यावर, हेलिकॉप्टर जेथे खरोखर खाली येते, तेथे परिस्थिती तशी नाही.

या १०० मीटरच्या अटीत एक मोठी त्रुटी आहे आणि ती डोंगराळ मुलुखातच जाणवते. समजा, दरीच्या दोन्ही काठांवर वीजवाहिनीचे ५० मीटर उंचीचे मनोरे उभे आहेत. मनोऱ्याची उंची त्याच्या पायथ्यापासून मोजली जाते, म्हणून दोन्ही मनोरे मर्यादेच्या आत राहतात आणि देशव्यापी नोंदीत त्यांचा समावेश होण्याचे बंधन उरत नाही. पण त्या मनोऱ्यांना जोडणारी तार दरीच्या मध्यभागी तळापासून दोनशे-अडीचशे मीटर उंच लटकत असते. ढग खाली आले की हेलिकॉप्टरचा वैमानिक स्वाभाविकपणे ढगाखालून, दरीच्या मार्गाने जाऊ पाहतो. त्याच्या पडद्यावर ती दरी मोकळी दिसते. दोन्ही बाजूंचे डोंगर बरोबर, नदी बरोबर, हिरवे वर्तुळ मोकळ्या जागेत, आणि वाटेत आडवी आलेली तार चित्रात नाही. तार डोळ्यांनी दिसणेही अवघड असते. अनुभवी वैमानिक तार शोधत नाहीत, तारेचे मनोरे शोधतात, आणि मनोरे ढगात असतील तर तोही उपाय उरत नाही. कोयनेच्या प्रकल्पातून वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या घाट ओलांडून जातात. रायगडावर रोपवे आहे. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली, त्या वेळी हेलिकॉप्टरांना याच मुलुखात आणि अशाच हवेत काम करावे लागले. पुढच्या आपत्तीत एखादे खासगी किंवा वैद्यकीय हेलिकॉप्टर तेथे जाईल, तेव्हा त्याच्या पडद्यावर या तारा असायला हव्यात.

आणि नोंद असली, तरी ती विमानापर्यंत पोहोचायला हवी. मार्गांची व विमानतळांची माहिती दर २८ दिवसांनी बदलते आणि गार्मिनच्या उपकरणांत अडथळ्यांची माहिती दर ५६ दिवसांनी नवी येते. ती बोटाच्या पेरापेक्षा थोड्या मोठ्या एसडी कार्डावर भरून पडद्याशेजारच्या खाचेत बसवावी लागते. विमान सुरू केल्यावर पहिल्याच पानावर प्रत्येक संचाचे नाव आणि त्याची मुदत झळकते. मुदत संपलेली असेल तर तेही दिसते. पुढे जाण्यासाठी एक बटण दाबून ‘वाचले’ अशी कबुली द्यावी लागते. या पानावर वैमानिकाची नजर किती वेळ थांबते, हे हँगरमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारावे. प्रवासी येऊन बसलेले असतात, वेळ झालेली असते आणि बटण दाबले जाते. माहिती अद्ययावत ठेवण्याचे वार्षिक शुल्क असते, आणि ‘डोंगर थोडेच बदलतात’ या युक्तिवादाने नूतनीकरण पुढे ढकलण्याची वृत्ती मी जवळून पाहिली आहे. डोंगर बदलत नाहीत, हे खरे आहे. मनोरे बदलतात.

उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. या बाबतीत आपला देश मागे नाही. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ प्रणालीने उपग्रहांच्या संकेतांतील चूक दुरुस्त करून अचूक स्थान मिळते. २०१५ मध्ये तिला धावपट्टीकडे उतरताना उंचीचे मार्गदर्शन देण्यासाठी मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२२ मध्ये इंडिगोचे एटीआर विमान राजस्थानातील किशनगढला तिच्या आधारे उतरले. छोट्या धावपट्ट्यांसाठी हे वरदान आहे, कारण जमिनीवर महागडी यंत्रणा न उभारता उतरण्याचा मार्ग आखता येतो. पण उपग्रहांचे संकेत दाबता येतात आणि खोटेही पाठवता येतात. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमावर्ती भागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटनांची नोंद झाल्याचे नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत सांगितले. स्थान खोटे आले, तर सिंथेटिक व्हिजन तितक्याच सुबकपणे दुसऱ्याच ठिकाणचे डोंगर काढून दाखवील. नकाशा, घड्याळ आणि दिशा यांच्या मदतीने स्वतःचे स्थान पडताळण्याचे जुने शिक्षण म्हणूनच प्रशिक्षण संस्थांनी सोडू नये. पडदा मध्येच झाकून विद्यार्थ्याला ‘आता तू कोठे आहेस’ असे विचारणारा प्रशिक्षक जुन्या वळणाचा समजला जातो. माझ्या मते तो विद्यार्थ्याचा प्राण वाचवण्याची तयारी करून घेत असतो.

या सर्वांतून काही मागण्या निघतात आणि त्या आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांपर्यंत जाव्यात, ही विनंती. महापारेषणकडे प्रत्येक अतिउच्चदाब वाहिनीच्या मनोऱ्यांची जागा आणि उंची नोंदलेली असते, महाऊर्जाकडे पवनऊर्जा प्रकल्पांची माहिती असते, मोबाइल कंपन्यांकडे त्यांच्या मनोऱ्यांची असते. ही माहिती नव्याने मोजण्याची गरज नाही. ती एका ठिकाणी आणून, अक्षांश-रेखांश व समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसह, भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अडथळा-नोंदीत घालण्याची गरज आहे. राज्यातील बऱ्याच धावपट्ट्यांचा कारभार पाहणाऱ्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने या कामात पुढाकार घ्यावा. दरी ओलांडणाऱ्या तारा आणि रोपवे यांना १०० मीटरची अट लावू नये. तळापासून तारेची उंची धरून त्यांची नोंद सक्तीची करावी आणि अशा तारांवर रंगीत गोळे बसवावेत, म्हणजे पडदा नसलेल्या वैमानिकालाही त्या दिसतील. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने भाड्याने चालणाऱ्या छोट्या विमानांच्या आणि हेलिकॉप्टरांच्या तपासणीत अडथळा-माहितीची मुदत पाहणे बंधनकारक करावे आणि मुदत संपलेली असेल, तर त्या पडद्यावर अडथळे दाखवण्याची सोय वापरता येणार नाही, असे स्पष्ट करावे. परवान्याच्या परीक्षेत सिंथेटिक व्हिजन काय दाखवत नाही, यावर प्रश्न असावेत. आज ते काय दाखवते, यावर विक्रेत्याचा माणूस तासभर बोलतो आणि शिक्षण तेथेच संपते.

हेलिकॉप्टरने येणाऱ्या मान्यवरांसाठी तालुक्याच्या गावी तात्पुरते हेलिपॅड आखले जाते, तेव्हा महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसे जागेची पाहणी करतात, चुन्याने ‘एच’ काढतात, धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात. त्याच पाहणीत त्यांनी आसपासच्या दोन किलोमीटरांतील मनोरे, विजेच्या तारा आणि उंच झाडे यांची यादी मोबाइलवरून मिळणाऱ्या अक्षांश-रेखांशासह करून आदल्या दिवशी वैमानिकाकडे पाठवावी. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, निधी लागत नाही, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या एका परिपत्रकाने ते येत्या पावसाळ्याआधी सुरू होऊ शकते.

आपला नम्र,
विमान-उपकरणांचा एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे